क्रोम तीनदा काढलं, तरी तेच पान परत का येतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाइप करून देतात. संगणक २०११ सालचा, विंडोज ७, रॅम २ जीबी. क्रोम उघडायला चार-पाच मिनिटं लागतात. उघडलं की गूगलऐवजी भलत्याच नावाचं सर्चचं पान समोर येतं, आणि उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात १३ व्हायरस सापडले’ असे फलक एकावर एक चढत राहतात. तुम्ही क्रोम तीनदा काढून तीनदा टाकलंत, दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं. गावातला दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. वडील म्हणतात, हात लावायचा नाही, माझी श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि वीस वर्षांचे मसुदे आहेत त्यात. आणि तुम्ही विचारताय की फॉरमॅट करू, नवा घेऊ, की आणखी काही मार्ग आहे?

सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो, बावीस-तेवीस वर्षं झाली. तुमच्या वडिलांच्या संगणकासारखे महिन्याला चार-पाच तरी टेबलावर येतात. आधी एक गोष्ट सुटी करतो. तुमच्याकडे दुखणी दोन आहेत आणि तुम्ही त्यांना एक समजताय. भलतं पान आणि फलक हा घुसखोरीचा भाग. चार-पाच मिनिटं लागणं हा बहुतेक वयाचा भाग. घुसखोरीने मंदपणा वाढतो, पण ती काढली म्हणून २०११ चा संगणक पळायला लागत नाही. लोक साफसफाई करतात, वेग फारसा वाढत नाही, मग ‘व्हायरस अजून आहे’ म्हणून आणखी तीन क्लीनर टाकतात, आणि त्या क्लीनरांतच पुढचा घुसखोर असतो. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की गिऱ्हाइकाने ‘पीसी फास्ट करायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं’ म्हटलं की पुढचं मी न विचारताच लिहून घेतो.

आता तुमचं क्रोम तीनदा काढूनही काही का झालं नाही ते बघा. क्रोम अनइन्स्टॉल केलं की प्रोग्राम जातो, पण वापरणाऱ्याची माहिती, म्हणजे बुकमार्क, एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्राम), सेटिंग, कोणत्या साइटला सूचना दाखवायची परवानगी दिली ती यादी, हे सगळं ‘यूजर डेटा’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये तसंच राहतं. काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ अशी एक चौकट येते, तिच्यावर टिक केली नाही तर नवं क्रोम जुन्याच अंथरुणात येऊन झोपतं. टिक केली असली तरी दुसरी वाट आहे. वडिलांच्या जीमेलने साइन-इन केलं आणि सिंक चालू असलं, की गूगलच्या सर्व्हरवर जपून ठेवलेलं ते एक्स्टेन्शन आणि ते मुखपृष्ठ पाच मिनिटांत खाली उतरतं. आणि तिसरी वाट म्हणजे क्रोमच्या बाहेर, विंडोजमध्ये, कोणीतरी बसलंय आणि ते दर लॉगिनला सगळं पुन्हा लावून देतंय. तुमच्याकडे ‘दोन दिवसांत’ परत येतं म्हणालात. तेवढ्यावरून माझा संशय तिसऱ्यावर जास्त आहे, पण इथे बसून खात्री देता येणार नाही.

म्हणून काही काढण्याआधी तीन गोष्टी बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली: घरातल्या मोबाइलवर, त्याच वायफायवर, तसलंच भलतं पान किंवा जाहिराती येतात का? येत असतील तर संगणक सोडा, राउटर धरा. राउटरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन-ॲडमिन’ असेल आणि कोणी त्यातला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलला असेल, तर घरातलं प्रत्येक उपकरण चुकीच्या पत्त्यावर जातं. हे काही कल्पनेतलं नाही. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने अशीच डीएनएस सेटिंगं बदलून शंभरावर देशांतले सुमारे ४० लाख संगणक वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या कारवाईत ती टोळी पकडली गेली. त्यांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर बाधित लोकांचं इंटरनेटच तुटलं असतं, म्हणून त्या जागी बदली सर्व्हर लावून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. तुमच्याकडे मोबाइल स्वच्छ असतील तर हा मुद्दा इथेच संपला.

दुसरी: टास्कबारवरचं घड्याळ बघा. तारीख बरोबर आहे का? मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ कॅबिनेट बगलेत मारून आले. म्हणाले, हॅक झालंय, प्रत्येक साइट ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ म्हणते. तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. मुख्य स्विच बंद केला की तारीख मागे जायची, आणि त्या तारखेला आजच्या साइटांची प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसल्यामुळे ब्राउझर सगळ्यांवर संशय घ्यायचा. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बदलला, काम झालं. त्याआधी कोणीतरी त्यांच्याकडून ‘व्हायरस काढायचे’ पैसे घेतले होते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: हार्ड डिस्क जिवंत आहे का? क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते दुसऱ्या संगणकावर त्याच्या मूळ साइटवरून उतरवा आणि पेनड्राइव्हने न्या. निळं दाखवलं तर ठीक. पिवळं किंवा लाल दाखवलं, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी वडिलांच्या फाइली बाहेर काढा. बहुतेक जण इथेच चुकतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चार तासांचा फुल स्कॅन लावतात आणि स्कॅन संपायच्या आत डिस्क संपते. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात एकदा असं झालंय. एका वकिलांचे दोन वर्षांचे मसुदे होते. तेव्हापासून माझ्या दुकानात स्कॅन आधी आणि डिस्क नंतर असं कधीच होत नाही.

डिस्क ठीक असली तरी फाइली काढून घ्याच. फक्त कागदपत्रं, फोटो, मसुदे घ्या. सेटअपच्या फाइली, ‘क्रॅक’ असं नाव असलेली फोल्डरं, काही घेऊ नका. तुमच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट आहे, ती दुकानदार विसरतात आणि मग मराठी टायपिंगवाल्यांची रड होते. श्रीलिपी किंवा आयएसएम या तसल्याच सॉफ्टवेअरमधले जुने मसुदे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या अक्षरांत, नसतात. त्यांची अक्षरं त्या-त्या फॉन्टवर अवलंबून असतात. फॉन्ट गेला की ‘प्रतिज्ञापत्र’ ऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते सगळे फॉन्टही कॉपी करा, आणि श्रीलिपीची सीडी, सिरियल नंबर आणि मागे लावलेलं डोंगल (श्रीलिपीची पेनड्राइव्हसारखी किल्ली) कुठे आहे ते बघून ठेवा. वडील ‘हात लावायचा नाही’ म्हणतात त्यात तथ्य आहे, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. फॉरमॅटनंतर श्रीलिपी परत उभी करण्यात मी दोन-दोन दिवस घालवलेत.

आणखी एक काम संगणकावर नाही, तुमच्या मोबाइलवर करायचं. वडिलांच्या जीमेलचा पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. क्रोममध्ये बँकेचे किंवा दुसऱ्या कशाचे पासवर्ड साठवलेले असतील तर तेही बदला. क्रोम ते कुलूपबंद ठेवतं हे खरं. पण ज्या लॉगिनखाली वडील बसतात त्याच लॉगिनखाली ते उपद्रवी सॉफ्टवेअरही चालतं, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिशात. बहुतेक वेळा हे घुसखोर जाहिरातींपुरते असतात, पासवर्डला हात लावत नाहीत. पण तुमचा कोणत्या जातीचा आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून चोरी झालीच आहे असं धरून चालायचं. खात्यातून प्रत्यक्ष पैसे गेले असतील तर साफसफाई करत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

आता काढायला घेऊ. मी ज्या क्रमाने करतो तो क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की परत येतं.

सोप्यापासून सुरुवात. ते ‘१३ व्हायरस’ वाले फलक बहुधा व्हायरस नसतातच. कधीतरी कुठल्या तरी पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं असेल आणि वडिलांनी दाबलं असेल. त्या बटनाचा अर्थ ‘या साइटला सूचना दाखवू द्या’ एवढाच होता. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. तिथे परवानगी दिलेल्या साइटांची यादी असेल, त्यातली अनोळखी नावं काढा, आणि वरचा पर्याय ‘साइटने विचारूच नये’ असा ठेवा. निम्म्या लोकांचा ‘व्हायरस’ इथेच जातो. नामांकित अँटीव्हायरसचं चिन्ह लावून ‘मुदत संपली, नूतनीकरण करा’ म्हणणारे फलकही याच यादीतून येतात. त्यावर क्लिक करायचं नाही आणि त्यातल्या फोन नंबरवर तर मुळीच बोलायचं नाही.

मग कंट्रोल पॅनलमधली प्रोग्रामांची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. नावाप्रमाणे नाही, तारखेप्रमाणे. त्रास कधी सुरू झाला ते वडिलांना विचारा, ‘दिवाळीच्या आसपास’ एवढं उत्तरही पुरतं. त्या आठवड्यात एकाच दिवशी चार-पाच गोष्टी आलेल्या दिसतील: पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, कूपनवाला काहीतरी, नवाच कुठला ब्राउझर. त्यांतली एक वडिलांनी मागितली होती, बाकीच्या तिच्या सेटअपमधून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना आल्या. आमच्या भागात याची सगळ्यात मोठी दारं म्हणजे फुकट मराठी फॉन्ट, पीडीएफचं वर्ड करणारी सॉफ्टवेअर, आणि विंडोज-ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करणारी साधनं. या शेवटच्या बाबतीत आम्ही दुकानदारही धुतल्या तांदळासारखे नाही. तुमच्या वडिलांच्या संगणकावरचं विंडोज कोणी आणि कसं टाकलं हे एकदा विचारून बघा.

ती सगळी काढा, संगणक रीस्टार्ट करा, आणि मग ॲडवक्लीनर चालवा. मालवेअरबाइट्स कंपनीचं आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि जाहिरातखोर सॉफ्टवेअरसाठीच बनवलेलं आहे. विंडोज ७ वर चालणारी आवृत्ती बघून घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीतून उतरवू नका, कंपनीच्या साइटवर जाऊनच घ्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून बॉट (दुसऱ्याच्या हुकमावर चालणारं छुपं सॉफ्टवेअर) काढायची फुकट साधनं देतं, ती वापरायला हरकत नाही. हे वाचणाऱ्या कोणाकडे विंडोज १० असेल तर त्याने डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावावा. तो विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी चालतो, त्यामुळे घुसखोराला लपायला वेळ मिळत नाही. जुन्या व्हिडिओंत क्रोममधलंच ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ दाबायला सांगतात. तो पर्याय गूगलने २०२३ मध्ये काढून टाकलाय, शोधत बसू नका.

इथपर्यंत बहुतेक दुकानदार येतात आणि थांबतात. तुमच्या दुखण्याचं मूळ यापुढे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘टार्गेट’ नावाच्या रकान्यात एक लांब ओळ असते. ती क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर आणि त्यापुढच्या अवतरणचिन्हावर संपायला हवी. कर्सर ओळीच्या शेवटी न्या, कारण रकाना अरुंद असतो आणि लबाडी नेमकी न दिसणाऱ्या टोकाला असते. तिथे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर क्रोम कितीही स्वच्छ असो, ते त्या पत्त्यावरच उघडणार. पत्ता पुसा. मात्र दोन आडव्या रेघांनंतर ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ असं लिहिलेलं असेल तर ते क्रोमचंच आहे, राहू द्या. टास्कबारवरचं आणि स्टार्ट मेन्यूतलं चिन्ह वेगळं असतं, तीही तपासा.

नंतर टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजमधली यादी. स्टार्टमध्ये हे नाव टाइप केलं की उघडतं. डाव्या बाजूच्या लायब्ररीवर क्लिक केलं की मधे यादी येते. मागे एका शाळेच्या कारकुनाचा संगणक माझ्याकडे तीन वेळा परत आला होता. प्रत्येक वेळी मी साफ करून दिला, चौथ्या दिवशी ते हजर. तिसऱ्यांदा मी त्यांना चहा पाजला आणि ते बसलेले असतानाच ही यादी उघडली. ‘अपडेट’ असं साळसूद नाव असलेलं एक टास्क होतं. ॲक्शनच्या खान्यात बघितलं, तर ते ॲपडेटा या विंडोजच्या लपलेल्या फोल्डरमधल्या निरर्थक अक्षरांच्या फोल्डरमधली एक स्क्रिप्ट दर लॉगिनला चालवत होतं. ती स्क्रिप्ट क्रोमचं चिन्ह पुसून नवं बनवायची, शेवटी आपला पत्ता चिकटवून. मी दर वेळी चिन्ह दुरुस्त करत होतो आणि ती दर सकाळी ते परत बिघडवत होती. टास्क उडवलं, फोल्डर उडवलं, संपलं. तीन फेऱ्यांचे पैसे मी घेतले नाहीत, कारण पहिल्या फेरीतच हे बघायला हवं होतं.

तुमच्या यादीत गूगल, ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट अशा नावांची खरी टास्कही असतील. नावावर जाऊ नका, ॲक्शनमध्ये काय चालतं ते बघा. प्रोग्राम फाइल्समधली ओळखीची फाइल असेल तर सोडा. ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटामध्ये अर्थहीन नावाचं काही असेल, किंवा पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देणारं साधन) आणि पुढे लांबलचक गिचमिड असेल, तर ते संशयित. लगेच डिलीट करण्याऐवजी आधी डिसेबल करा, दोन दिवस बघा, मग उडवा.

तिसरी जागा पॉलिसीची, म्हणजे क्रोमवर बाहेरून लादलेल्या नियमांची. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूच्या तळाशी ‘तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते’ अशा अर्थाची ओळ दिसते का? कंपनीच्या लॅपटॉपवर ती ओळ साहजिक. तहसील कचेरीबाहेरच्या टेबलावर कुठली आली संस्था? एखादा अँटीव्हायरसही कधी अशी पॉलिसी लावतो, म्हणून आंधळेपणाने काही करू नका. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करा. तिथल्या यादीत ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ अशी नोंद असेल, तर काढता न येणारं एक्स्टेन्शन तिथूनच येतंय. ही नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) असते: लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. करंट यूजरखालीही बघा. आधी ती ‘की’ (नोंदींचा गट) एक्स्पोर्ट करून ठेवा, मग उडवा. रजिस्ट्रीत कधी हात घातला नसेल तर हे एवढं काम जाणत्याकडून करून घ्या.

प्रॉक्सी आणि होस्ट्स फाइल या दोन जागा पटकन बघून होतात. इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स, लॅन सेटिंग्ज. तिथे प्रॉक्सीला टिक असेल आणि पत्ता १२७.०.०.१ असेल, तर तुमची सगळी ये-जा संगणकातल्याच कुठल्या तरी प्रोग्राममधून होतेय. एखाद्या अँटीव्हायरसने ती लावलेली नसेल तर टिक काढा. होस्ट्स फाइल, म्हणजे साइटांची नावं आणि पत्ते यांची संगणकातली यादी, सिस्टिम ३२ मध्ये, ड्रायव्हर्समध्ये, ईटीसी फोल्डरात असते. नोटपॅडमध्ये उघडली की बहुतेक ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या दिसाव्यात. त्यांच्याखाली गूगलचं किंवा बँकेचं नाव दिसलं तर ते कोणीतरी घातलंय.

आणि सगळ्यात शेवटी क्रोमचं घर. सिंक बंद करा, बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा, मग गूगल खात्याच्या सिंकच्या पानावर जाऊन सर्व्हरवर साठवलेला सिंकचा डेटा पुसा. क्रोम बंद करून त्या ‘यूजर डेटा’ फोल्डरचं नाव बदला, मागे ‘जुना’ लावा. पुसू नका, काही राहिलं असेल तर तिथून काढता येतं. पुन्हा क्रोम उघडलं की ते कोरं करकरीत उघडेल. हे काम मी मुद्दाम शेवटी ठेवतो. बाहेरचा हात तोडला नसेल तर हे कोरं घरही दोन दिवसांत घाण होतं, आणि तुमचं तीन वेळा तेच झालं.

एवढं करूनही परत आलं, किंवा अँटीव्हायरस आपोआप बंद पडत असेल, फाइलींची नावं बदलली असतील, सेफ मोड उघडत नसेल, तर मात्र मी दुकानदाराच्या बाजूला जाईन. तिथे साफसफाईत वेळ घालवू नये, फॉरमॅटच करावं. तुम्ही लिहिलंत त्यावरून मला तसं वाटत नाही.

आता मंदपणा. विंडोज ७ च्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा टक्का दिसत नाही. परफॉर्मन्स टॅबवर ‘रिसोर्स मॉनिटर’ असं बटन आहे, ते दाबा आणि डिस्क व मेमरी दोन्ही बघत क्रोम उघडा. माझा अंदाज असा, की मेमरी जवळपास भरलेली दिसेल आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. २ जीबीपैकी निम्मी जागा विंडोज आणि अँटीव्हायरसच खातात. क्रोम प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रोसेस चालवतं. रॅम संपली की विंडोज डिस्कवर पसारा मांडतं. फिरणारी डिस्क सेकंदाला शंभरेक वेळाच इकडून तिकडे धावू शकते. वडिलांना सांगायचं तर, टेबलावर जागा नाही म्हणून प्रत्येक कागदासाठी शिपाई रेकॉर्ड रूमपर्यंत जाऊन येतो, आणि शिपाई एकच आहे.

फुकटात काय होईल ते आधी करा. अँटीव्हायरस दोन आहेत का बघा. मुदत संपलेला एक आणि त्यावर टाकलेला दुसरा, हे दृश्य मला रोज दिसतं. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात. एक काढा. एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन स्टार्टअपमधलं अनावश्यक बंद करा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कोणतं टॅब किंवा एक्स्टेन्शन मेमरी खातंय ते तिथे दिसतं. मग कॅबिनेट उघडून धूळ काढा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा साचला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून हळू चालतो. रॅमचा दांडा काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासून परत बसवा. हसू नका, ‘संगणक चालू होत नाही’ म्हणून आलेल्या किती तरी तक्रारी त्या खोडरबरने मिटवल्यात.

पैसे खर्चायचे असतील तर एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) आणि रॅम, याच क्रमाने. एसएसडीने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. डिस्क क्लोन केली, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, तर श्रीलिपी, फॉन्ट, मसुदे सगळं आहे तसं उचलून जातं, वडिलांना कळणारही नाही. पण क्लोन साफसफाईनंतर करा, नाहीतर घुसखोरही वेगवान होईल. रॅम ४ जीबी करताना विंडोज ३२ बिटचं आहे का बघा. असेल तर सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात येते, त्यामुळे ४ च्या वर जाण्यात अर्थ नाही.

राहिला विंडोज ७ चा प्रश्न, तो मी गोड करून सांगणार नाही. त्याचा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. म्हणजे त्यानंतर सापडलेली क्रोममधली बहुतेक भोकं तुमच्या वडिलांकडे बुजवलेली नाहीत. फायरफॉक्सने ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती जुन्या विंडोजसाठी क्रोमनंतरही बराच काळ दुरुस्त्यांसह चालू ठेवली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. आज ती चालू आहे का बघा. असेल तर क्रोम सोडून ती टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन लावा. त्याने जाहिराती जातात, आणि जाहिराती गेल्या की २ जीबीवर पान निम्म्या त्रासात उघडतं.

विंडोज १० टाकावं का, असं तुम्ही विचाराल. त्याचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हा संगणक ११ च्या अटींत बसत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी टाकायच्या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबीवरही चालते, ४ वर बरी चालते. पण तिथे श्रीलिपी आणि डोंगल विसरा. म्हणून तुमच्या घरासाठी मी असं करीन: हा संगणक टायपिंगला आणि प्रिंटला ठेवायचा, इंटरनेटची केबल एरवी काढलेली. बँक, जीमेल, सरकारी पोर्टल हे मोबाइलवर किंवा जुन्या लॅपटॉपवर. गिऱ्हाइकाचे कागद पेनड्राइव्हवर येत असतील तर तो पेनड्राइव्ह आधी स्कॅन करायची सवय, कारण केबल काढली तरी तो दरवाजा उघडाच राहतो. वडील सात-बारा काढायला याच संगणकावर बसतात का, यावर बरंच अवलंबून आहे. बसत असतील तर दुसरं साधं यंत्र लागेलच, त्याला इलाज नाही.

गावी जाताना बरोबर न्या: एक रिकामी बाहेरची डिस्क, पेनड्राइव्हवर ॲडवक्लीनर आणि क्रिस्टलडिस्कइन्फो, सीआर २०३२ सेल, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, रंगाचा नवा ब्रश आणि एक खोडरबर. दोन दिवस मोकळे ठेवा. पहिल्या दिवशी फक्त फाइली आणि फॉन्ट बाहेर काढा आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडून, एखादा जुना मसुदा नीट वाचता येतो का हे वडिलांना दाखवा. ते हो म्हणाले की मगच बाकीच्याला हात घाला.